भुऱ्याची शेरवानी

उटनूर, १२ नोव्हेंबर

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही. तुला हवं तेव्हा उघड, नको असेल तर हैदराबादच्या तुझ्या त्या टेबलावर पडू दे. मी लिहीत राहीन.

तू शेवटी जे बोललीस ते मला पाठ आहे. "सावरीच्या पाटलांच्या बैलाला तू शेरवानी घालणार असशील तर त्या घरात मी पाय ठेवणार नाही." तुझ्या बोलण्यात चूक नव्हती. ज्यांच्या दारात माझ्या आज्याने, तुझ्या पणज्याने, वेठ केली, त्यांच्याच खोंडाला मी राजा बनवायला निघाले, असंच कुणालाही वाटेल.

पण आधी तुला काही आठवण करून देते. तुला कांजिण्या आल्या होत्या आणि तू खपल्या खाजवू नयेस म्हणून मी आपल्या चिमणी शेळीचं चित्र काढून तिला राणी केलं होतं. फुगीर बाह्या, गळ्याभोवती चुण्यांची पांढरी कॉलर, कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात होती तशी. तू म्हणालीस, "आई, चिमणीला ही कॉलर टोचत असेल." आणि तिची कॉलर सैल करायला लावलीस. तिथून हे सगळं सुरू झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक फोटो पाठवू लागले आणि मी चित्रात त्यांच्या जनावरांना जुने कपडे चढवू लागले. हैदराबादच्या कुणाचा लॅब्राडोर दिवाण झाला, आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंची मांजर बेगम झाली. माणसं हसतात. मलाही हसू येतं. त्यात वाईट काय आहे?

आता वैभवचं. पाटलांचा पणतू हा. कापसाचं बी-खत विकतो, मोटारसायकलवर फिरतो, भला पोरगा आहे. दारात चपला काढून आत आला आणि म्हणाला, "मॅडम, आमचा भुऱ्या पाहा." फोनवर बैल दाखवला. राखी रंगाचा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडी. म्हणाला, "आमचे आबा आता जास्त दिवसाचे नाईत. त्याह्यची एकच इच्छा हाय. त्याह्यच्या बापाची शेरवानी न् गोंड्याची रुमी टोपी घातलेला भुऱ्या भिंतीवर पाहाचा." आबा म्हणजे उद्धवराव, त्याचे आजोबा. नव्वदीच्या घरात आहेत.

मी विचारलं, "बैलच का?"

तो जरा घुटमळला. "हा बैल बसत नाई मॅडम. जलमापासून कोनं बसलेला पाह्यला नाई. रातभर उभा राह्यते, दाराकडं तोंड करून. आबा म्हनते, हा साधा नोहे, हा आमच्या घराचा मालक हाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतो आहे. बाकी तब्येत उत्तम. तू जेवत जा.

तुझी,
आई


उटनूर, २४ नोव्हेंबर

मैतू,

सावरीला जाऊन आले. जनावर समोर पाहिल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या लहानपणी आपण तिथे जायचो तेव्हा वाड्याची जी मोठी भिंत होती ती आता नाही. स्लॅबचं घर झालं आहे, वर पाण्याच्या निळ्या टाक्या, अंगणात कापसाचा ढीग. फक्त जुनं दार त्यांनी ठेवलं आहे. दोन्ही बाजूंना भिंत नसलेलं, नुसतं उभं सागवानी दार. भुऱ्या त्या दाराशी होता. बांधलेला नव्हता.

वैभव म्हणाला, "याले दावं लागत नाई. कुठंच जात नाई. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत गाय व्याली तवाचा इथंच हाय."

घरातल्या बायकांनी चांगल्या कपातून चहा दिला. त्यांच्या स्वतःच्या कपातून. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुला वाटेल मी विसरले, की माझ्या आईला तिथे ओंजळीत पाणी मिळायचं.

वैभवने पेटीतून शेरवानी काढली. काळी, आता हिरवट पडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास. बैलाच्या खांद्यावर कापड कसं पडतं ते पाहायचं होतं म्हणून ती त्याच्या पाठीवर टाकली. भुऱ्याने माशी हाकलावी तशी कातडी थरथरवली आणि शेरवानी खाली पडली. पुन्हा टाकली, पुन्हा पडली. वैभव हसला. "आज नखरे करून राह्यला." तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

मग भुऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर जनावरांचे डोळे रंगवले आहेत, मैत्री. जनावर आपल्याकडे पाहतं तेव्हा आपल्या हातातल्या वैरणीकडे पाहतं, नाहीतर काठीकडे. हा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. ओळख पटते का ते बघावं, तसा.

आता खरं कारण. तुझ्या पणज्याचं, नथूचं, काय झालं हे आपल्या घरात कुणालाच कळलं नाही. माझे बाबा तेव्हा रांगत होते. वेठीची रीत अशी होती की पाटलाच्या दाराशी उभं राहायचं आणि घरातलं कुणीतरी "जा" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. मालक म्हणो, मालकीण म्हणो, त्यांचं पोर म्हणो, पण "जा" हा शब्द यायला हवा. न सांगता गेलेल्याच्या झोपडीवर दुसऱ्या दिवशी छप्पर राहत नसे. एका हिवाळ्यात नथू वेठीला गेला आणि परत आला नाही. वाड्यातून निरोप आला की त्याला सरकारी टपालाची थैली देऊन उटनूरला पाठवलं, जंगलात वाघाने नेलं असेल. कुणी म्हणे चांद्याच्या खाणीत पळाला. माझी आजी मरेपर्यंत दाराला आतून कडी लावत नव्हती. बाबा उटनूरच्या कचेरीत कारकून झाले, मला आदिलाबादच्या कॉन्व्हेंटात घातलं, पण तेही कडी लावायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "सवय आहे."

त्या हिवाळ्यात उद्धवराव दहा-बारा वर्षांचे असतील. त्या घरातलं, तेव्हाचं, आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. मला त्यांना विचारायचं आहे. चित्र घेऊन गेले तरच त्यांच्या खाटेपर्यंत पोचेन. म्हणून हो म्हटलं. शेरवानी हा माझा प्रवेशाचा पास आहे, दुसरं काही नाही.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण तू ओरडत होतीस आणि मला ओरडण्यावर ओरडता येत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेसने ती सवयच लागू दिली नाही.

आई


उटनूर, ९ डिसेंबर

मैत्री,

थंडी खूप पडली आहे. सकाळी अंगणातल्या बादलीला हात लावता येत नाही. तुझा तो मरून स्वेटर मी घालते, बाह्या आखूड होतात.

चित्राचं काही बरं चाललेलं नाही. तुला हसू येईल, पण लिहिते.

आपल्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात, ते तू पाहिलं आहेस. सिस्टर ॲग्नेस उलट शिकवायची. डोळे आधी. ती तिच्या केरळी इंग्रजीत म्हणायची, की डोळे एकदा पाहू लागले की बाकीचं चित्र ते तुला खोटं काढू देणार नाहीत. मी आजवर तसंच केलं. बेगम, दिवाण, सगळ्यांचे डोळे आधी, कपडे मागून. कधी त्रास झाला नाही.

भुऱ्याचे डोळे पहिल्याच बैठकीत जमले. इतके जमले की मी ब्रश धुवायला मोरीत गेले तर पाठीला जाणवत होते. मग शेरवानी घेतली. काळा रंग लावला, गळ्याशी बटणं काढली. सकाळी पाहिलं तर खांद्यावरचा काळा रंग तपकिरी झालेला. वाटलं, रंग स्वस्तातला. नवीन ट्यूब आणली. पुन्हा तेच. तपकिरी नुसता नाही, त्यात आडव्या उभ्या रेघा, जाड लोकरीच्या विणीसारख्या. मी अशी वीण काढलेली नाही. मला ती काढता येणारही नाही, डोळे आता तेवढे बारीक काम करत नाहीत.

मी खरवडलं. पुन्हा लावलं. बटणं राहतात दिवसभर आणि सकाळी जातात.

मला वाटलं मलाच दिसतं आहे. एकटं राहिलं की माणसाला काहीबाही दिसतं, तू असंच म्हणशील. पण काल शेजारची पूनम ब्लाऊजचं माप घ्यायला आली. तिला मी काहीच बोलले नव्हते. चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "टीचरबाई, या बैलाले घोंगडी काऊन पांघरली? बाकीच्याह्यले तं तुमी चांगलं राजा-रानी बनवता."

मी म्हटलं, "थंडी आहे ना."

"मंग चांगली तं पांघराव. हे तं किती फाटकी हाय. काठी बी देल्ली वाटते."

काठी. ती गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. उजव्या पुढच्या पायाशी एक बारीक काळी रेघ होती, खाली वर सरळ. मी तिला बैलाच्या पायाची सावली समजत होते.

आणखी एक. मी चित्र कुठेही ठेवलं तरी ते दाराकडे पाहतं. खिडकीशी ठेवलं, भिंतीला टेकवलं. दाराकडेच. शेवटी मी दारासमोर ठेवलं तेव्हा ते नीट समोर पाहू लागलं. आता तिथेच आहे. येता-जाता मी थोडी बाजूने जाते, जसं कुणी उभं असलं की आपण जातो.

तुला फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू पाहिलास. काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पण तुला खांद्यावर काय दिसलं, तेवढं एक कळव. शेरवानी की दुसरं काही. एका शब्दात कळव.

आई


उटनूर, २१ डिसेंबर

मैतू,

तुझा एक शब्द आला. "घोंगडी."

मी तो कितीदा वाचला. इतक्या आठवड्यांनी तू मला काहीतरी सांगितलंस आणि तेही मला दिसतं तेच. मला भीतीही वाटली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. तू लहान असताना अंधारात माझा हात धरायचीस तेव्हा तुला असंच वाटत असेल.

वैभवचा फोन होता. उद्धवरावांनी जेवण सोडलं आहे. चमच्याने पाणी घेतात. "मॅडम, चित्र जसं असंन तसं आना. आबा सारखे दाराकडं पाहून राह्यले."

माझ्यापुढे आता दोनच वाटा आहेत. पोस्टर कलरचा जाड थर देऊन शेरवानी बसवायची आणि तो तपकिरी रंग वर यायच्या आत, त्याच दिवशी, नेऊन दाखवायची. म्हातारा खूश होईल, मला खाटेशी बसू देईल, मी विचारीन, तो सांगेल. किंवा आहे तसं न्यायचं. मग वैभव मला दारातूनच परत पाठवेल आणि उद्धवराव स्वतःबरोबर सगळं घेऊन जातील. मग नथू कायमचा वाघाने नेलेला.

काल मी जाड थर द्यायला बसलेही. ब्रश भरून घेतला. आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मैत्री, त्यात राग असता तर मी रंगवलं असतं. रागाची मला सवय आहे. त्यात नुसती वाट पाहणं होतं. मी काय करते याची तो परवानगी मागितल्यासारखी वाट पाहत होता.

मी ब्रश धुतला. आहे तसंच नेणार आहे. तू म्हणालीस म्हणून नाही, असं लिहिणार होते. पण थोडं तू म्हणालीस म्हणूनही.

आई


उटनूर, २७ डिसेंबर

प्रिय मैत्री,

हे पत्र बसून वाच.

चादरीत गुंडाळून चित्र घेऊन गेले. भुऱ्या दाराशी होता. मी त्याच्याजवळून गेले तेव्हा त्याने मान वळवून चादरीचा वास घेतला, मग पुन्हा समोर पाहू लागला.

उद्धवराव खाटेवर होते. उरलं होतं ते फक्त नाक आणि हातांची हाडं. वैभव कानाशी वाकून म्हणाला, "आबा, टीचरबाई आल्या. भुऱ्याचं चित्र आनलं."

"शेरवानी घातली का?"

"घातली असंन. पाहा."

त्याने चादर ओढली. मग त्याचा चेहरा उतरला. हळूच मला म्हणाला, "हे काय केलं मॅडम. पनज्याची शेरवानी कुठं गेली?" त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज होती, पाहुण्यांसमोर काही सांडावं तशी. तेवढ्यात म्हातारा बोलला.

"नथ्या."

वैभव म्हणाला, "नाई आबा, भुऱ्या हाय हा."

"तू चूप राय." ते चित्रावरून नजर काढत नव्हते. "नथ्या, अजून उभाच हाय का रे तू?"

इतकी वर्षं घोकलेला प्रश्न मला आठवलाच नाही. ते आपणहून बोलत राहिले, मला नाही, चित्राला.

"बाप आसिफाबादले गेल्ता. जातानी तुले म्हनला, मी येईपर्यंत दार सोडू नको. आठोते ना? थंडी कशी व्हती. मी मायले म्हनलो, त्याले जाऊ दे. माय म्हने, बापाच्या मानसाले आपुन जा म्हनू नाई. मी खिडकीतून पाह्यत व्हतो. तू बी पाहे माह्याकडं. मालकाचं पोरगं मी. मी म्हनलो असतो तं तू गेला असता. माह्या तोंडात व्हतं रे. तोंडातच राह्यलं."

वैभवने पाणी पुढे केलं, त्यांनी तोंड फिरवलं.

"सकाळी तसाच उभा. काठीले टेकून. मी हात लावला तं थंड. बाप आला न् म्हने, थैली देऊन पाठोला म्हनून सांगा. गोठ्यामागं ठेवला तुले. मी पाह्यलं कुठं ठेवला ते."

वैभव माझ्याकडे पाहत होता. मी कोणाची नात, हे त्याला तेव्हा समजलं असावं. त्याने हात जोडले नाहीत, फक्त माझ्यासाठी खुर्ची जवळ ओढली. मी बसले नाही. मला बसवेना.

उद्धवरावांनी हात उचलायचा प्रयत्न केला. आणि म्हणाले, "जा. नथूबाबा, घरी जा. झालं आता. जा."

नथ्या नाही म्हणाले. नथूबाबा म्हणाले. मी ऐकलं.

बाहेरून काहीतरी लाकूड घासल्याचा आवाज आला. दार उघडं होतं ते हललं असेल, वारा होता. मी बाहेर आले तेव्हा भुऱ्या दाराशी नव्हता. वैभव म्हणाला, गोठ्यात गेला असेल. त्याच्या आवाजावरून त्याला तसं वाटत नव्हतं.

चित्र तिथेच ठेवून आले. कुणी परत ने म्हणालं नाही.

आई


उटनूर, २८ डिसेंबर

मैतू,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही, दोन्ही बरोबरच येतील.

उद्धवराव काल संध्याकाळी गेले. वैभवने सकाळी फोन केला. मग म्हणाला, "मॅडम, भुऱ्या कालपासून नाई हाय. तिकडं कोनाले दिसला तं सांगा." चित्राबद्दल तो काही बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नंतर सांगतो." आणि फोन ठेवला.

मी तेव्हा खिडकीशी उभी होते. धुकं होतं, समोरची पूनमची भिंतसुद्धा दिसत नव्हती. आणि आपल्या फाटकाशी तो होता.

सावरीहून इथे बसला तासभर लागतो, मधे सगळं जंगल. खुरांना लाल माती लागलेली होती आणि अंगातून वाफ निघत होती. पाठीवर घोंगडी होती. फाटकी, जाड, आडव्या उभ्या विणीची. मी वैभवला परत फोन करून विचारलं. त्यांच्या घरात घोंगडी नाही. कधीपासूनच नाही.

फाटक मी उघडलं. तो आत आला नाही. बाजूला सरले, वैरण नव्हती म्हणून पोळी पुढे केली. आला नाही. तोंड आपल्या घराकडे करून उभा. मला वाटलं पुन्हा तेच, हा असाच राहणार. आणि मग कळलं. तिकडून त्याला "जा" म्हटलं होतं. इकडून कुणी काही म्हटलंच नव्हतं. आपल्या घरातल्यांनी इतकी वर्षं दाराला कडी लावली नाही, पण हाक कुणी मारली? कोणाला मारणार होते.

माझ्या अंगावर तुझा स्वेटर होता, पायात काही नव्हतं. तोवर धुकं विरळ झालं होतं, पूनम तिच्या दारातून पाहत होती, ती मला वेडी म्हणाली तर म्हणू दे. मी म्हटलं, "आजोबा, या. घरी आलात. बसा आता."

तो आत आला. सावकाश, एकेक पाय उचलत. पायरीशी येऊन पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग खाली सोडलं आणि बसला. एवढं मोठं धूड जमिनीला टेकताना एक उसासा निघाला, तो त्याचा की माझा, मला सांगता येणार नाही. आता मी हे लिहिते आहे आणि तो बसलेलाच आहे. डोळे मिटले आहेत. श्वास चालू आहे का, ते मी अजून जवळ जाऊन पाहिलेलं नाही.

गोठ्यामागची जागा वैभव दाखवायला तयार आहे. मी एकटीने जायचं नाही असं ठरवलं आहे. तिथून जे निघेल ते आणायला घरातली दोन माणसं हवीत.

गेले कित्येक आठवडे मी तुला फोन करत होते आणि घंटा वाजून बंद झाली की मनात म्हणायचे, तिला यायचं असेल तेव्हा येईल, आपण कशाला म्हणा. शब्द तोंडातच ठेवायचे. काल एक माणूस तसाच एक शब्द ऐंशी वर्षं तोंडात ठेवून गेला.

ये, मैत्री.

आई